दुसऱ्या पियानोवरची बाई

गेली बावीस वर्षं मी ऑर्केस्ट्रा आहे. म्हणजे असं, की पहिल्या पियानोवर कुणीतरी विद्यार्थी घाम गाळत कॉन्चर्टो, म्हणजे एका वाद्यासाठी आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली रचना, वाजवत असतो आणि साठ-सत्तर वादकांच्या वतीने मी एकटी दुसऱ्या पियानोवर बसलेली असते. परीक्षा, स्पर्धा, वर्षअखेरचा कार्यक्रम, काहीही असो, एका विद्यार्थ्यासाठी अख्खा ऑर्केस्ट्रा कोण जमवणार? मग मला बोलावतात. पत्रिकेवर कधी माझं नाव असतं, कधी नुसतंच 'दुसरा पियानो'. त्याचं मला काही वाटत नाही. पियानोचं नाव तरी असतं, म्हणायचं.

मी जे वाजवते त्याला रिडक्शन म्हणतात. सगळ्या ऑर्केस्ट्राचं दोन हातांत मावेल असं बांधलेलं गाठोडं. पानावर वरच्या दोन ओळी सोलो पियानोच्या, खालच्या दोन माझ्या. शूमान, शोपँ, ग्रीग, चायकॉव्स्की, राखमानिनॉव, सगळ्या संगीतकारांची गाठोडी मी वाहिली. आणि सांगायला लाज वाटते, पण त्यांतलं एकही सोडून आत काय आहे ते पाहावं असं मला कित्येक वर्षं वाटलं नाही.

ते सुटलं एका प्रश्नामुळे. शोपँचा एफ मायनर कॉन्चर्टो चालला होता, मधली संथ मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा मधला भाग. शेवटाकडे पियानोची धून परत येते आणि तिच्या मागोमाग, एक पाऊल मागे चालावं तसा, माझ्या डाव्या हातात तिचाच तुकडा येतो. मुलगी थांबली आणि म्हणाली, "ताई, हे माझ्यामागे कोण बोलतं?"

"चेलो," मी ठोकून दिलं.

रात्री रेकॉर्डिंग लावलं. ते मोठ्या व्हायोलिनसारखं चेलो नव्हतंच, 'बसून' नावाचं लांब लाकडी फुंकवाद्य होतं. त्या ओळीला मी कित्येकदा चेलोसारखं भरघोस, ओढून वाजवलं होतं. बसूनचा आवाज तसा नसतोच. तो जरा कोरडा, जरा नाकातला, आणि त्या जागी तर इतका एकटा की ऐकताना कुणाचं तरी खासगी बोलणं कानावर पडल्यासारखं वाटतं. मी दुसऱ्या दिवशी त्या मुलीला खरं सांगितलं आणि त्याच आठवड्यात पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेली पानं, शोधायला बसले.

पूर्ण स्कोअर मिळणं आता सोपं आहे. आयएमएसएलपी नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २००६ मध्ये सुरू झालं. एका प्रकाशकाच्या वकिली पत्रामुळे २००७ च्या ऑक्टोबरात ते बंद पडलं आणि २००८ च्या जूनअखेरीस पुन्हा उघडलं. कॉपीराइट संपलेल्या रोमँटिक काळातल्या (साधारण एकोणिसावं शतक) बहुतेक कॉन्चर्टोंचे जुने छापील स्कोअर तिथे आहेत. स्कॅन कधी वाकडा असतो, कधी पानाच्या कडेचा अर्धा बार (ठोक्यांचा एक खण) कापलेला असतो, आणि जुन्या आवृत्तीतल्या चुका अर्थातच तशाच्या तशा. पण अभ्यासाला पुरतं. ज्यांना कागद लागतो त्यांच्यासाठी खिशात मावणारे छोटे स्कोअर आहेत. लाइपझिगच्या ऑयलेनबुर्गने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात लोकप्रिय केली. त्यांच्यावर माझं प्रेम आहे, पण डोळे आता साथ देत नाहीत. पंधरा-सोळा ओळी तळहाताएवढ्या पानावर म्हणजे मुंग्यांची रांग. मी मोठी पानं छापून घेते.

पहिलं पान उघडलं तेव्हा मला पियानोच सापडेना. इतकी वर्षं तो सगळ्यात वर पाहायची सवय. इथे वर बासऱ्या, त्यांच्याखाली ओबो, क्लॅरिनेट, बसून. मग हॉर्न, ट्रम्पेट ही पितळी मंडळी, मग टिंपनी नावाचे नगारे. त्यांच्या खाली, तंतुवाद्यांच्या डोक्यावर, गर्दीत उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा पियानो. मग पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, व्हायोला, चेलो, आणि तळाला डबल बेस, जो लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. पान उलटलं तर पंधरा ओळींच्या सातच झाल्या, कारण जे वाजवत नाहीत त्यांच्या रिकाम्या ओळी छापणारा गाळतो. आधीच्या पानावर तिसरी ओळ ज्याची होती, त्याची ती आता नसते. सुरुवातीला मी दर पानाला डावीकडची नावं वाचत बसायचे आणि तोवर रेकॉर्डिंग वीस बार पुढे गेलेलं असायचं.

आणि मग ती क्लॅरिनेटची भानगड. क्लॅरिनेट आणि हॉर्न ही लबाड मंडळी. लिहिलेलं एक, ऐकू येतं दुसरं. पाश्चात्त्य सुरांना ए ते जी अशी अक्षरं, आणि फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खाली. तर बी-फ्लॅट क्लॅरिनेटने 'सी' वाजवला की कानावर बी-फ्लॅट पडतो, ए क्लॅरिनेटने वाजवला की ए. एफ हॉर्न पाच सूर खाली. हे मला पुस्तकी माहीत होतं. पण शोपँच्या त्या जुन्या जर्मन छपाईत लिहिलं होतं 'क्लॅरिनेट इन बी', आणि मी ते बी असं सरळ वाचलं. एक अख्खी संध्याकाळ मी ती ओळ अर्धा सूर चढी वाजवत होते. सगळं बेसूर. मी छातीठोकपणे ठरवलं की ही आवृत्तीच सदोष आहे, आणि पेन्सिलीने समासात तसं लिहूनही ठेवलं. जर्मनमध्ये 'बी' म्हणजे आपला बी-फ्लॅट, आणि साध्या बीला ते 'एच' म्हणतात, हे मला दोन दिवसांनी कळलं. समासातला तो शेरा मी पुसलेला नाही. राहू दे तिथेच.

या 'एच'चा मला पुढे फायदा झाला, ते सांगते.

माझी वाचायची पद्धत अगदी अडाणी आहे. छापलेल्या पानांचा एक संच घ्यायचा, रेकॉर्डिंग लावायचं आणि पिवळी पेन्सिल घेऊन बसायचं. ज्या क्षणी ज्या वाद्याकडे मुख्य धून असेल त्याची ओळ पिवळी करायची. बाकी काही नाही. मूव्हमेंट संपली की सगळी पानं जमिनीवर ओळीने मांडायची आणि उभं राहून पाहायचं, पिवळा कुठून कुठे गेला ते.

शोपँची पानं मांडली तेव्हा अपेक्षित तेच दिसलं. पिवळा जवळपास सगळा पियानोच्या ओळीत, एखाद्या नदीसारखा, आणि मधूनच बसूनच्या ओळीत एखादा ठिपका. शोपँला ऑर्केस्ट्रा लिहिता येत नव्हता असं लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. काहींनी तर त्याची दुरुस्ती केली: टाउसिग आणि पुढे बालाकिरेव्ह या संगीतकारांनी ई मायनर कॉन्चर्टोची, क्लिंडवर्थने एफ मायनरची वाद्ययोजना नव्याने लिहिली. मीही पूर्वी मान डोलवायचे, कारण शोपँचं रिडक्शन वाजवण्याइतकं कंटाळवाणं काम नाही. लांब-लांब सूर धरून बसायचं आणि पुढच्याची वाट पाहायची.

स्कोअर वाचल्यावर मत बदललं, पूर्ण नाही पण बरंच. त्याच एफ मायनरच्या संथ मूव्हमेंटमध्ये मध्यावर पियानो एकदम बोलल्यासारखा, नाटकातलं स्वगत म्हटल्यासारखा वाजू लागतो. त्याखाली तंतुवाद्यांचा थरथरता ट्रेमोलो आहे आणि डबल बेस मात्र गजाने नाही, बोटाने छेडत मधूनच एकेक ठोका देतात. दुसऱ्या पियानोवर ही सगळी घरघर होते. मनगट दुखतं आणि हाती काही लागत नाही. खऱ्या ऑर्केस्ट्रात ते अंगावर काटा आणतं. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये एका जागी तंतुवाद्यं गजाच्या केसांनी नाही, लाकडाने तारांवर टकटक करतात. त्या टकटकीवर पियानो नाचाची धून घेतो. पुढे एक हॉर्न एकटाच हाक देतो आणि उदास मायनरचं उजळ मेजर होतं. हे लिहिणारा माणूस वीस वर्षांच्या आसपासचा होता. त्याला लिहिता येत नव्हतं म्हणणं मला आता जड जातं. फार तर म्हणेन, त्याला जिथे लिहावंसं वाटलं तिथेच त्याने लिहिलं. बाकी ठिकाणी तोही कंटाळला असावा.

आता राखमानिनॉव. दुसरा कॉन्चर्टो, सी मायनर. नोव्हेंबर १९०१ मध्ये मॉस्कोत तो पहिल्यांदा पूर्ण वाजला, पियानोवर स्वतः राखमानिनॉव. प्रत्येक विद्यार्थ्याचं स्वप्न. सुरुवातीला पियानोचे घंटांसारखे कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक सूर), हळूहळू चढत जाणारे, आणि मग ती प्रचंड धून. ही पानं मी जमिनीवर मांडली आणि पाहतच राहिले. घंटांनंतर पानांमागून पानं पियानोची ओळ पांढरी होती. काळी म्हणा हवं तर, सुरांच्या गर्दीने काळीभोर, पण पिवळा नाही. धून व्हायोलिन, व्हायोला आणि क्लॅरिनेट यांच्याकडे, नंतर चेलोकडे. पियानो काय करतो? वर-खाली आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सूर सुटे करून एकामागोमाग. म्हणजे साथ! दुसरी धून येते तेव्हा कुठे पियानोला स्वतःचं काही बोलायला मिळतं, आणि तीच धून पुढे परत येते तेव्हा तीही हॉर्नला देऊन टाकलेली असते.

मला हसू आलं. इतकी वर्षं मी स्वतःला साथीदार समजत होते आणि मुलांना मुख्य कलाकार. इथे तर मुख्य धून माझ्या हातात होती आणि तो बिचारा माझी साथ करत होता, आमच्या दोघांनाही न कळता. तो जीव तोडून आर्पेजिओ बडवतोय, मी त्याला मोकळी वाट द्यावी म्हणून धून दाबून वाजवतेय. दोघंही उलट्या दिशेने नम्र आणि उद्धट. परीक्षकांनी काय ऐकलं असेल कोण जाणे.

चायकॉव्स्कीचा पहिला तर याहून गमतीचा. ते दणदणीत, तळापासून वरपर्यंत उडी घेणारे पियानोचे कॉर्ड ज्याने ऐकले नाहीत असा माणूस सापडणं कठीण. लोकांना ती सुरुवात पियानोची वाटते. पिवळी पेन्सिल मात्र व्हायोलिन आणि चेलोच्या ओळीत जाते. धून त्यांची आहे. पियानो तिला ठोके देतोय. जगातली बहुधा सगळ्यात प्रसिद्ध पियानोची सुरुवात ही मुळात साथ आहे! शिवाय आधीच्या आवृत्तीत ते कॉर्ड इतके आडदांड नव्हतेच, आर्पेजिओसारखे मोडून वाजवायचे होते. आजचं रूप नंतरच्या दुरुस्तीतलं. आणि ती धून प्रस्तावना संपल्यावर जी जाते ती पुन्हा कधीच येत नाही. मला एका मुलाने विचारलं होतं, "ताई, ती मेन ट्यून परत कधी येते?" मी म्हटलं, "येत नाही रे." तो खरंच दुखावला.

त्याच कॉन्चर्टोतल्या मधल्या मूव्हमेंटमध्ये स्कोअरने मला एका सुराने पकडलं. बोटांनी छेडलेल्या तंतुवाद्यांवर एकटी बासरी धून सुरू करते: ए-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ, ए-फ्लॅट. लगेच पियानो तीच धून घेतो, पण तिसरा सूर एफ नाही, बी-फ्लॅट. आणि पुढे ज्याच्याकडे म्हणून ती धून जाते तो बी-फ्लॅटच म्हणतो. एफ फक्त बासरीचा, फक्त पहिल्यांदा. चूक आहे की मुद्दाम, यावर वाद आहे. माझ्या रिडक्शनमध्येही तो एफ होताच की! मी तो वर्षानुवर्षं वाजवला, माझ्यानंतर मुलांनी बी-फ्लॅट वाजवला, आणि आमच्यापैकी एकालाही काही खटकलं नाही. एकाच आवाजाच्या दोन पियानोंवर कान सुस्तावतो. बासरी आणि पियानो वेगळ्या ओळींवर समोरासमोर छापलेले दिसले तेव्हा डोळ्याने आधी ओळखलं. माझं मत विचाराल तर तो एफ तसाच असावा. पहिल्यांदा एखादी गोष्ट सांगताना माणूस जशी सांगतो तशी पुन्हा सांगत नाही.

लिस्टबद्दल फार लिहीत नाही, मला तो झेपत नाही. पण ई-फ्लॅट कॉन्चर्टोच्या स्कोअरमधला ट्रँगल, ते धातूचं छोटं त्रिकोणी वाद्य, पाहाच. हा कॉन्चर्टो १८५५ मध्ये वायमारला पहिल्यांदा वाजला तेव्हा पियानोवर लिस्ट स्वतः आणि समोर कंडक्टर म्हणून बर्लियोझ. ट्रँगलला इतका मान दिल्याबद्दल समीक्षक हान्सलिकने त्याला 'ट्रँगल कॉन्चर्टो' म्हणून हिणवलं. लिस्टने स्कोअरमध्ये सूचना घातली आहे की ट्रँगल धसमुसळेपणाने वाजवू नये, नाजूक आणि नेमका वाजवावा. रिडक्शनमध्ये हा ट्रँगल मला उजव्या हाताच्या करंगळीने करावा लागतो. तो नाजूकही होत नाही आणि नेमकाही.

ग्रीगच्या ए मायनरमधली एक गोष्टही इथेच सांगून टाकते. पहिल्या मूव्हमेंटची दुसरी धून आज आपण चेलोंकडून ऐकतो. १८७२ मध्ये छापलेल्या पहिल्या स्कोअरमध्ये ती ट्रम्पेटला होती, लिस्टच्या सल्ल्यावरून. ग्रीग हा कॉन्चर्टो जवळजवळ मरेपर्यंत दुरुस्त करत राहिला आणि त्यात ती धून चेलोंकडे आली. रिडक्शनमध्ये काय फरक पडला? काहीच नाही. तेच सूर. दोन हातांच्या गाठोड्यात ट्रम्पेट आणि चेलो एकच.

आता शूमान. इथे मला रेंगाळायचंय.

पिवळी पेन्सिल शूमानच्या ए मायनरमध्ये जशी नाचली तशी कुठेच नाही. ऑर्केस्ट्राचा एकच घाव, पियानोची कोसळत खाली येणारी तीन बारांची उडी, आणि मग धून. पियानोकडे? नाही. ओबोकडे. पियानो गप्प. ओबोचं म्हणून झाल्यावर मग पियानो तेच स्वतःच्या शब्दांत सांगतो. धूनेचे पहिले चार सूर: सी, बी, ए, ए. आता तो 'एच' आठवा. जर्मनमध्ये हेच सी, एच, ए, ए. शूमानची बायको, पियानोवादक क्लारा, हिच्या नावाचं इटालियन रूप कियारा (Chiara). शूमान तिला लाडाने कियारिना (Chiarina) म्हणायचा. त्या नावातली जी अक्षरं सुरांत वाजवता येतात ती याच क्रमाने ही. मुद्दाम की योगायोग, ते शूमानने सांगून ठेवलेलं नाही. पण बी आणि एच यांनी दोन दिवस छळलेल्या बाईला त्या ओबोच्या ओळीवर 'एच' लिहिताना जे वाटलं ते वाटलं.

पहिली मूव्हमेंट १८४१ मध्ये एक स्वतंत्र फँटसी म्हणून लिहिली गेली. ऑगस्टमध्ये क्लाराने लाइपझिगला एका तालमीत ती दोनदा वाजवून पाहिली. पहिलं मूल व्हायला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते. प्रकाशकांनी ती घेतली नाही. १८४५ मध्ये शूमानने आणखी दोन मूव्हमेंट जोडल्या, त्याच वर्षी डिसेंबरात क्लाराने ड्रेस्डेनला अख्खा कॉन्चर्टो वाजवला. लगेच छापले गेले ते सुटे पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगवेगळी पानं. पूर्ण स्कोअर छापून यायला शूमानच्या मृत्यूनंतरची वर्षं उजाडावी लागली. म्हणजे कितीतरी वर्षं हे संगीत वाजत होतं, पण मी आज जमिनीवर मांडते तसं एकत्र पाहण्याची सोय जवळपास कुणालाच नव्हती. हे वाचल्यावर माझी अपराधी भावना जरा कमी झाली.

पुढे पाहा. वातावरण सी मेजरला येतं तेव्हा क्लॅरिनेट धून घेतो आणि पियानो त्याखाली खळखळत राहतो. पुन्हा साथ. मधला ए-फ्लॅट मेजरचा संथ तुकडा म्हणजे तर पियानो आणि क्लॅरिनेटच्या गप्पा. एकाने वाक्य टाकायचं, दुसऱ्याने उचलायचं. त्या पानावर बाकीची वाद्यं अगदी दबक्या पावलांनी. पिवळा रंग दर दोन-तीन बारांनी उडी मारतो. दुसऱ्या पियानोवर मी ही जागा नेहमी घाईत काढायचे, कारण माझ्याकडे 'काही नाही' असं वाटायचं. माझ्याकडे क्लॅरिनेट होता!

आणि शेवटच्या मूव्हमेंटमधली ती कुप्रसिद्ध जागा. बाराची मोजणी तीन ठोक्यांची. पण दुसऱ्या धूनेत तंतुवाद्यं पहिल्या बारमध्ये पहिला आणि तिसरा ठोका वाजवतात आणि पुढच्या बारमध्ये फक्त दुसरा. परत पहिला-तिसरा, परत दुसरा. कानाला वाटतं, दोन बारांचा मिळून एकच संथ तीन ठोक्यांचा बार आहे. कागदावर तीन, कानात दुसरेच तीन. मी आणि विद्यार्थी इथे किती वेळा एका ठोक्याने फाटलो असू! एकदा तर कार्यक्रमातच. तो पुढे गेला, मी मागे राहिले, आणि जवळजवळ पानभर दोघंही आपापल्या जागी अगदी बरोबर होतो.

रिडक्शनमध्ये ही जागा नुसती अडचणीची दिसते, कारण कॉर्ड आणि विश्राम एका मुठीत कोंबलेले असतात. पूर्ण स्कोअरमध्ये तंतुवाद्यांच्या ओळी एकाखाली एक, एकाच वेळी बोलतात आणि एकाच वेळी गप्प बसतात. ते विश्राम खिडक्यांसारखे सरळ एका रेषेत येतात. ते पाहिल्यापासून मी ठोके मोजत नाही, खिडक्या मोजते. त्यानंतर एकदाही फाटले नाही. लाकूड कुठे आहे, नजर लागू नये म्हणून हात लावून सांगते.

राखमानिनॉवच्या दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये याच जातीची चकवणूक आहे: पियानोचे बारा सूर तीन-तीनच्या चार गटांत लिहिलेले, पण ऐकू येतात चार-चारचे तीन. बासरी आत येते तेव्हा कळतं खरा ठोका कुठे होता. शूमानने शिकवल्यामुळे इथे मी सावध होते.

ब्राम्सने मात्र माझी पेन्सिल मोडली. पहिला कॉन्चर्टो, डी मायनर. टिंपनीचा लांब गडगडाट, तळाला धरून ठेवलेला डी, आणि त्यावर व्हायोलिन-चेलो धून सुरू करतात ती मात्र बी-फ्लॅटच्या कॉर्डवर. घर एकाचं, पाटी दुसऱ्याची. पियानो नव्वद बार गप्प. आणि जेव्हा येतो तेव्हा गाजावाजा नाही, अगदी हळू. पिवळा कुठे करू? धून कधी तीन वाद्यांत वाटलेली असते, कधी व्हायोलात काहीतरी असं चाललेलं असतं की तेच मुख्य वाटावं. मी दोन पानांवर सगळंच पिवळं केलं आणि सोडून दिलं.

जानेवारी १८५९ मध्ये हा कॉन्चर्टो पहिल्यांदा हॅनोव्हरला वाजला आणि पाचच दिवसांनी लाइपझिगला. दोन्हीकडे सोलो पंचवीस वर्षांच्या ब्राम्सचाच. लाइपझिगला लोकांनी हुर्यो केली. मला त्या श्रोत्यांचा राग येत नाही. स्कोअर समोर ठेवूनही मला जे उलगडत नाही ते त्यांना एका ऐकण्यात कसं उलगडावं?

पण या कॉन्चर्टोबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. तो जन्मला कॉन्चर्टो म्हणून नव्हता. १८५४ मध्ये ब्राम्सने दोन पियानोंसाठी सोनाटा लिहायला घेतला. तो दोन पियानोंत मावेना, म्हणून त्याची सिंफनी करायला घेतली. ती जमेना, म्हणून कॉन्चर्टो. म्हणजे ते माझं रिडक्शन, ज्याला मी गाठोडं गाठोडं म्हणत आले, ते या एका बाबतीत चक्क माहेरी परत जाणं आहे. दोन पियानो, दोन माणसं. ब्राम्सला जे पुरलं नाही तेच आम्हाला परीक्षेला पुरवायचंय, एवढाच काय तो प्रश्न.

(त्याच्या दुसऱ्या कॉन्चर्टोची तिसरी मूव्हमेंट पेन्सिलीला सोपी आहे. एकटा चेलो गातो आणि पियानो ती धून जशीच्या तशी स्वतःकडे घेतच नाही, भोवताली फिरत राहतो. ट्रम्पेट आणि टिंपनी तर पहिल्या दोन मूव्हमेंटनंतर घरी गेले तरी चालतं. स्कोअरमधून त्यांच्या ओळीच नाहीशा होतात.)

हल्ली मी रिडक्शनवर पेन्सिलीने वाद्यांची नावं लिहिते. ओबो, बसून, फक्त व्हायोला, चारही हॉर्न. वाजवताना ओबोच्या जागी मी वाक्याच्या शेवटी श्वास घेते, कारण त्यालाही घ्यावा लागतो. पियानो हॉर्नसारखा वाजत नाही, कधीच वाजणार नाही, पण हात जरा वेगळा पडतो एवढं नक्की.

मागच्या आठवड्यात राखमानिनॉव करणाऱ्या मुलाने माझ्या पानात डोकावून पाहिलं. त्याच्या ओळीवरही मी काहीतरी लिहिलं होतं.

"ताई, इथे माझ्या वर 'साथ' का लिहिलंय?"

मी त्याला पिवळी पानं दाखवली. बराच वेळ तो जमिनीवर बसून होता, स्वतःच्या ओळीवर बोट फिरवत. मग उठला आणि म्हणाला, "एवढी प्रॅक्टिस मी साथीसाठी केली?" चेहरा असा पडलेला की मला वाटलं हा आता कॉन्चर्टोच बदलतो. पण तो पियानोवर बसला. घंटांचे कॉर्ड वाजवले, धून जवळ आली तशी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि आर्पेजिओ इतके खाली घेतले की मला पहिल्यांदाच व्हायोलिनं, व्हायोला आणि क्लॅरिनेट पूर्ण आवाजात वाजवावे लागले. वीसेक बार आम्ही असेच गेलो. मग तो विसरला आणि पुन्हा बडवायला लागला.

सोमवारी नवीन मुलगी येतेय. ब्राम्सचा डी मायनर आणतेय म्हणे. हॉर्नच्या दोन जोड्या दोन वेगवेगळ्या सुरांत लिहिलेल्या आहेत आणि मी अजून एकीपाशीच अडकलेय.